इसार देण्याआधी एक खड्डा

ज्या वावरात पऱ्हाटी जोरात येते, तिथे घर बांधणं जड जातं. मला प्लॉट दाखवायला नेणाऱ्यांना मी हे सांगते आणि बहुतेकांना ते रुचत नाही. "ताई, जमीन एक नंबर हाये, इथं पऱ्हाटी डोक्याच्या वर जाये," असं एक काका छाती फुगवून सांगत होते. जमीन एक नंबर होतीच, पण कापसासाठी.

मेहकरला मी घरांचे नकाशे काढते, बांधकामावर देखरेख करते. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून गिऱ्हाईक आधी रस्ता किती लांब ते विचारतं, मग तोंड कोणत्या दिशेला, मग भाव. जमिनीच्या पोटात काय आहे, हे विचारणारा क्वचितच भेटतो. जुन्या माणसांचा हिशेब सरळ होता: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. आता काळीवरच प्लॉट पडतात, त्याला इलाज नाही. पण मग काळी काय करते, हे तरी माहीत हवं.

आपल्या पायाखाली सगळा काळा दगड आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजून ही माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे थर इतके पातळ की पाणी मिळालं की ते दोन थरांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेलं की आकसते आणि भेगा पडतात. घराखालच्या मधल्या मातीला ऊन-पाऊस लागत नाही, ती जवळपास ओलीच राहते. कडेची मात्र पावसाळ्यात वर उचलते, उन्हाळ्यात बसते. त्यामुळेच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. लोक म्हणतात, आमचं तर साधं तळमजल्याचं घर, त्याला काय होणार? उलट आहे. घर जितकं हलकं, तितकं ही माती त्याला सहज उचलते.

म्हणून माझा आग्रह एका खड्ड्याचा असतो. चार फूट लांब, तीन फूट रुंद, आणि मुरूम लागेपर्यंत खोल. कमरेच्या खाली गेलात की कडांना आधार द्या किंवा उतार ठेवा. काळी माती ढासळताना सांगत नाही. मे महिन्यात त्याच काकांनी पाहिलेल्या प्लॉटवर आम्ही तो घेतला. वरच्या भेगेत उलटा धरलेला विळा मुठीपर्यंत गेला. तीन फुटांवर ढेकूळ फोडलं तर आतली बाजू चकचकीत, जणू कोणी तेलाचा हात फिरवलाय. मातीचे थर फुगून एकमेकांवर घासले की असा चकाकतो पृष्ठभाग. तो दिसला की जमीन दरवर्षी हलते, हे मी समजून जाते. पुढे चुनखडीचे खडे लागले, मग पिवळट माती, आणि साडेसहा फुटांवर कुठे मुरूम. पहारीचा आवाजच बदलला.

साडेसहा फूट म्हणजे वाईट नाही, पण फुकटही नाही. बारा कॉलमचं घर धरा, खड्डे पाच बाय पाच फुटांचे. पाया एक फूट खाली गेला की ३०० घनफूट खोदाई वाढली, लोखंड-काँक्रीट त्याच्यावर. शेजारच्या लेआउटपेक्षा स्वस्त मिळालेल्या प्लॉटची बचत इथे विरघळते. हा हिशेब भाव ठरण्याआधी हातात हवा. मुरूम फारच खोल असेल तर खाली फुगीर बुंधा असलेले पाइल घेता येतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ते अशाच मातीसाठी विकसित केले. त्यांच्यावरच्या बीमखाली मात्र थोडी पोकळी ठेवावी लागते, नाहीतर फुगलेली माती बीमलाच वर ढकलते.

मातीचा स्वभाव तपासायची प्रयोगशाळेतली एक चाचणी अगदी साधी आहे. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये, २४ तास. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. दोन्हींतला फरक ५० टक्क्यांच्या वर गेला तर माती फार फुगणारी समजायची.

वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी तर खड्ड्याला नकार देऊच नये. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हातभर खड्डा खणून तीच माती परत भरायला सांगितली आहे: उरली तर जमीन उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. फुगणारी माती या परीक्षेत पास होईल, ही गोष्ट वेगळी. पण दिशा पाहण्याइतकंच खणूनही पाहायचं, हे त्या काळीही ठरलेलं होतं. मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्तीसुद्धा १८८८ मध्ये खोदकामातच सापडली. खणायचं वावडं आपल्याला नसावं.

गावठाणात जुनं घर पाडून बांधणाऱ्यांनी निश्चिंत होऊ नये. पांढरी फुगत नाही, पण ती पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंतींचा भराव आहे, भुसभुशीत. शिवाय वऱ्हाडात धान्याची पेवं असायची. वरून दगड-माती लोटून बुजवलेलं पेव कॉलमच्या खाली निघालं तर पूर्ण उपसून घट्ट भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागदांचं थोडक्यात: सातबारा, फेरफार, अकृषक आदेश, मंजूर रेखांकन आणि भूमी अभिलेखची मोजणी. खुंट विक्रेत्याने रोवलेत म्हणून हद्द ठरत नाही. जुन्या नकाशात नाला किंवा पांदण जाते का, पाहा. पैनगंगेच्या बाजूला असाल तर पूररेषा विचारा; निळी साधारण २५ वर्षांतून येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. आणि प्लॉट उन्हाळ्यात पसंत केला असला, तरी मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन या.

बांधताना सर्वात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे पायातून निघालेली काळी माती जोत्यात परत टाकणं. हायवाचे पैसे वाचतात आणि दोन पावसाळ्यांत फरशी उठते. जोत्यात मुरूमच भरा, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून, धुम्मस करून. घराभोवती चार-पाच फूट फरसबंदी, छताचं पाणी पाइपने लांब, बाथरूमचा शोषखड्डा पायापासून दूर. एका कोपऱ्यात पाणी मुरलं की तोच कोपरा उचलतो.

काकांनी भाव पाडून प्लॉट घेतला. विक्रेता खड्डा घेऊ देत नसेल, तर तो प्लॉट घेऊ नका.