चाकाचा आउट

सायकल पिकअपमधून खाली उतरते ती मागचं चाक फरफटतच. रिंग एका बाजूनं चिमट्याला टेकलीय. ब्रेक मोकळा करून झाला, तरी चाक फिरत नाही. सायकलवाला मुलगा मंचरचा, कॉलेजातला. गुडघा खरचटलेला, बूट चिखलानं भरलेले. आहुप्याहून डिंभ्याकडे उतरताना पाण्यानं भरलेला खड्डा त्याला दिसला नाही. तोही नेमका वळणावर, सायकल तिरकी असताना. घोडेगावातलं दुकान बंद, म्हणून भाजीच्या पिकअपला हात करून तो इथं जुन्नरला आलाय. माझं पंक्चर केव्हाच निघालंय. पण बाहेर श्रावणातली सर चालू आहे आणि आत हे चाक, त्यामुळे मी काही निघत नाही.

"द्रोण केलास की रं चाकाचा," मामा म्हणतात. दुकानात सगळेच त्यांना मामा म्हणतात, माझ्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा.

"मामा, लगेच होईल ना? संध्याकाळच्या आत मंचरला पोचायचंय."

मामा उत्तर देत नाहीत. सायकल उलटी करून चाक काढतात, टायर-ट्यूब बाजूला ठेवतात आणि एकेक तार अंगठ्यानं छेडत जातात. टण्, टण्, टण्, मग एकदम थप्प. पुन्हा दोन टण्, पुन्हा थप्प. फ्रीव्हीलच्या बाजूला दोन तारा हबजवळच्या वाकणातच तुटलेल्या सापडतात. ३२ तारांचं चाक, त्यातल्या दोन गेलेल्या आणि पाच-सहा सैल.

"ही आजची नाय तुटलेली," एक तुकडा उजेडात धरून मामा सांगतात. तुटलेल्या टोकाचा अर्धा भाग काळपट आहे, अर्धा चकचकीत. काळा भाग जुन्या चिरेचा, चकचकीत भाग आजचा. खड्ड्यानं शेवटचा धक्का दिला एवढंच.

मुलगा हळूच सांगतो, की गेल्या आठवड्यात मागून किर्रकिर्र आवाज येत होता. हाताला सैल लागल्या त्या तारा त्यानं घरीच आवळल्या होत्या.

"सैल दिसली ती आवळली. आणि समोरच्या बाजूची?"

मुलगा गप्प. सायकल दुरुस्तीत सगळ्यात जास्त चाकं याच एका समजुतीनं बिघडत असावीत: सैल ती आवळा. बैलगाडीच्या लाकडी चाकात गाडीचं वजन खालच्या आऱ्यावर उभं राहतं. सायकलची तार जेमतेम २ मिलिमीटर जाडीची, तिच्यावर काय उभं राहणार? म्हणून प्रत्येक तार आधीच ताणून ठेवलेली असते. चांगल्या बांधणीच्या मागच्या चाकात फ्रीव्हीलकडची एकेक तार १०० किलोच्या आसपास ओढ सोसत असते, डावीकडची बरीच कमी. माणूस बसला की खालच्या तारांवरचा ताण तेवढ्यापुरता उतरतो, चाक फिरलं की परत चढतो. हे प्रत्येक फेऱ्याला चालू. मुळात सैल असलेली तार अशा वेळी पार ढिली पडते, तिचा निपल, म्हणजे रिंगेत बसलेलं तिचं नट, स्वतःच उलगडत जातो आणि तिचं ओझं शेजारणींवर येतं. तार एका दणक्यानं क्वचितच तुटते. ती हलून हलून तुटते, आणि तुटते ती वाकणातच.

मामा आता मला न पटणारी गोष्ट करतात: उरलेले सगळे निपल सैल सोडतात. मुलाचा चेहरा पडतो. पण त्याशिवाय रिंग खरंच वाकलीय की नुसती तारांनी ओढून धरलीय, हे कळायला मार्ग नाही. मोकळी झालेली रिंग चाक आडवं धरून शहाबादी फरशीच्या काठाशी लावून बघतात. बरीचशी आपोआप सरळ झालीय. एका जागी मात्र फट दिसते, जाड पोस्टकार्ड जाईल एवढी. दोन लाकडी ठोकळ्यांवर ती जागा आणून मामा दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार टाकतात. हातोडी उचलत नाहीत. जुन्या काळ्या सायकलची लोखंडी रिंग ठोकून ठोकून वर्षानुवर्षं चालवता यायची. अॅल्युमिनियमची रिंग तसे लाड करून घेत नाही. एकदा घडी पडली की पडली.

तुटलेल्या जागी नव्या तारा घालायला फ्रीव्हील उतरवावं लागतं. त्यात दहा मिनिटं आणि दोन शिव्या जातात. खिळ्याला लटकवलेल्या जुडग्यातून तार निवडताना मामा जुनी शेजारी धरून लांबी जुळवतात. मागच्या चाकात उजवीकडची तार डावीपेक्षा जरा आखूड लागते, कारण फ्रीव्हीलला जागा द्यायला रिंग हबच्या दोन काठांच्या मधोमध नसून उजव्या काठाजवळ असते. तार आत जाते ती सरळ नाही; दोघींना ओलांडून, तिसरीच्या खालून, तिरपी. ही तिरपी वीण १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनं पेटंट केली. पायडलचा जोर हबपासून रिंगेपर्यंत पोचतो तो या तिरपेपणामुळे.

आता खरं काम. दुकानात चाक सरळ करायचा विकतचा स्टँड नाही. व्हाइसमध्ये एक जुना चिमटा उलटा पकडलाय, त्यात चाक बसतं. मामा चिमट्याच्या दांड्यावर बोट टेकवून खडूचा तुकडा रिंगेजवळ नेतात आणि चाक फिरवतात. जिथं रिंग बाहेर येते, म्हणजे 'आउट' असतो, तिथं पांढरा पट्टा उमटतो. पट्टा डाव्या अंगाला असेल तर त्या टापूतल्या उजव्या तारा पाव फेरा आवळायच्या, डाव्या पाव फेरा सोडायच्या. मग खडू पुसायचा, पुन्हा फिरवायचं. पट्टा आखूड होत जातो. घाईनं पूर्ण फेरा दिला की आउट पलीकडच्या बाजूला निघतो, असं सांगता सांगताच मामा पाना मुलाच्या हातात देतात. मुलगा निपल नेमका उलटा फिरवतो.

"टायरच्या बाजूनं बघ, मग आवळ. समोरून बघशील तर उलटंच करशील."

मला इथं खोडदच्या अँटेना आठवतात, नारायणगावजवळच्या. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. जड पत्रा वापरला असता तर एवढ्या तबकड्या खर्चात बसल्याच नसत्या, वाराही पेलला नसता. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या तारदोरांवर बारीक तारांची जाळी बसवली आणि वारा जाळीतून जाऊ दिला. याच तालुक्यात, सारख्या ताणावर आकार तोलून धरण्याचा हिशेब एवढ्या मोठ्या मापानं मांडलेला आहे. मी हे मामांना सांगतो. "त्याला पण आउट काढावा लागत असंल," एवढंच ते म्हणतात आणि चाक उलटं करून चिमट्यात बसवतात, रिंग चिमट्याच्या मधोमध आहे का ते बघायला.

शेवटी ते पुन्हा तारा छेडतात. उजवीकडच्या सगळ्या आता एका सुरात, डावीकडच्या थोड्या खालच्या, पण आपसात सारख्या. पुण्यातल्या मोठ्या दुकानांत ताण मोजायचं मापक असतं. ते असलं तर उत्तमच. कानाचं कौतुक करून मापकाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण कान मला फुकट शिकता आला, म्हणून मी मामांच्या बाजूचा.

मग दोन-दोन समांतर तारा मुठीत धरून ते जोरानं दाबतात. कुठं कुठं कडकड आवाज होतो, पीळ बसलेल्या तारा मोकळ्या होतात. पुन्हा खडू, पुन्हा थोडं पाव-पाव फेऱ्यांचं काम.

मजुरी दोनशे, तारांचे वेगळे. मुलगा पैसे देतो, मामा बजावतात, "रिंग कामचलाऊ झालीय. दिवाळीच्या आत बदल. आज घाटात जायचं नाय, सरळ नारायणगावहून हायवेनं जा, आणि उजेड आहे तवर जा. उसाच्या कडेला बिबट्या बसलेला असतो."

डिस्क ब्रेकच्या सायकली असणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. तुमच्या रिंगेला ब्रेक घासत नाही, म्हणून आउट आलेला तुम्हाला उशिरा कळतो. आहुपे, नाणेघाट, भीमाशंकर, कुठंही निघण्याआधी दोन्ही चाकांच्या तारा जोडीजोडीनं दाबून बघा. एखादी लगेच दबली तर ती एकटीच आवळू नका; चाक दुकानात न्या. आणि नव्या तारा घातलेलं चाक शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा दाखवा, कारण त्या बसतात आणि थोड्या सैलावतात.