औषधाची किंमत उतरते कशी?

अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील औषधद्रव्यांचा एक कारखाना १९९६ सालीं नोल कंपनीकडून सन फार्माकडे आला. अशा कारखान्यांत यंत्रांचा व रसायनज्ञांच्या पगारांचा खर्च, माल थोडा निघो वा पुष्कळ, जवळजवळ तेवढाच राहतो. उत्पादन वाढलें कीं दर किलोचा भार घटतो. पण विकणारा एकच असेल तर किंमत उतरत नाहीं, नफा मात्र फुगतो! १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधद्रव्यावरील मक्ता काढून केवळ कृतीवर ठेवला, म्हणून प्रतिस्पर्धी उभे राहिले. एड्सवरील ज्या तीन औषधांना वर्षाकाठीं १०,००० डॉलरांहून अधिक पडत, तीं मुंबईच्या सिप्लानें २००१ मध्यें ३५० डॉलरांत देऊं केलीं. २००५ पासून नव्या द्रव्यांवर वीस वर्षांचा मक्ता पुन्हां मिळूं लागला आहे.