छायाचित्रकाराची बॅटरी आणि त्याची नवी अंधारी खोली

इ. स. १८५४ मध्यें मुंबईंत छायाचित्रणाच्या हौशी लोकांची सोसायटी स्थापन झाली, आणि पुढें तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थहि सामील झाले. त्या काळच्या हौशी माणसाला आपल्या छंदासाठीं दोन गोष्टी हाताशीं असाव्या लागत: भरपूर ऊन आणि एक अंधारी खोली. ऊन किती आहे हें खिडकीबाहेर डोकावून कळे, आणि अंधाऱ्या खोलींत रसायनें काय करीत आहेत हें तबकांत डोळ्यांदेखत दिसे. आजच्या छायाचित्रकाराची मदार उन्हापेक्षां बॅटरीवर अधिक आहे, आणि त्याची अंधारी खोली संगणकाच्या पोटांत गेली आहे. या दोन्ही पेट्या बंद आहेत. आंत काय चाललें आहे हें त्यांच्यावरील आंकडे आणि चित्रें जेवढें सांगतील तेवढेंच त्याला कळतें; आणि हे आंकडे व हीं चित्रें म्हणजे प्रत्यक्ष मोजमाप नसून केवळ अंदाज आहे, ही गोष्ट त्याला सहसा कोणी सांगत नाहीं.

याची किंमत एखाद्या सहलींत फारशी जाणवत नाहीं. पण लग्न, बारसें, घरांतील वडील माणसाचें सहस्रचंद्रदर्शन हे प्रसंग दुसऱ्यांदा घडवून आणतां येत नाहींत. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणींच कॅमेऱ्याचा पडदा काळा व्हावा, आणि ‘पांच मिनिटांपूर्वीं तर अर्धी बॅटरी शिल्लक दिसत होती’ असें छायाचित्रकारानें वधूच्या आईला सांगत बसावें, हें दृश्य पुष्कळांच्या परिचयाचें आहे. तो बिचारा खोटें बोलत नसतो. अर्धी बॅटरी शिल्लक आहे, असेंच कॅमेऱ्यानें त्याला सांगितलेलें असतें.

कॅमेरा असें कां सांगतो हें कळण्यासाठीं बॅटरीच्या स्वभावाकडे वळलें पाहिजे. हल्लींच्या बहुतेक कॅमेऱ्यांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती १९९१ सालीं सोनी या जपानी कंपनीनें प्रथम बाजारांत आणली. आणि तिच्या मुळाशीं असलेल्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या जातीचा एक विद्युद्घट पुरता भरला म्हणजे त्याचा दाब सुमारें ४.२ व्होल्ट असतो, आणि रिकामा होत आला म्हणजे तो ३ व्होल्टच्या आसपास येतो. परंतु मधला उतार सारखा नाहीं. आरंभीं दाब थोडा झपाट्यानें उतरतो, मग ३.७ व्होल्टच्या जवळपास बराच काळ रेंगाळतो, आणि शेवटीं सह्याद्रीच्या पठारावरून एकदम कोंकणांत कोसळणाऱ्या कड्यासारखा खालीं येतो. पठारावर चालणाऱ्या माणसाला कडा किती जवळ आला हें पायांखालच्या जमिनीवरून कळत नाहीं. केवळ दाब पाहून शिल्लक सांगणाऱ्या कॅमेऱ्याचीहि तीच अडचण आहे. कांहीं बॅटऱ्यांत आंत आलेल्या व बाहेर गेलेल्या विजेचा जमाखर्च ठेवणारा लहानसा चिमुकला हिशेबनीस बसविलेला असतो. त्याचा अंदाज अधिक बरा. पण बॅटरी म्हातारी होऊन तिची धारणाशक्ति घटली कीं मूळ भांडवलाचाच आंकडा चुकतो, आणि हिशेबनिसाची शिल्लकहि मग विश्वासाची राहत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बॅटरींत किती वीज सांठली आहे हा एक प्रश्न, आणि ती वीज हव्या त्या वेगानें बाहेर पडूं शकते कीं नाहीं हा अगदीं निराळा प्रश्न. गच्चीवरील पाण्याची टाकी कांठोकांठ भरलेली असली, तरी नळ आंतून गंजून अरुंद झाला असेल तर खालच्या मजल्यावरची बादली भरतां भरत नाहीं. बॅटरीच्या आंतहि असाच एक अडथळा असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. बॅटरी जुनी झाली कीं तो वाढतो, थंडींत तात्पुरता वाढतो. एखादा घट नुसता पडून असतांना मापकावर १.४ व्होल्ट दाखवितो, पण त्यांतून १ अँपिअर प्रवाह घेतांच दाब ०.९ व्होल्टवर येतो, असें समजा. मधले अर्धे व्होल्ट घटाच्या आंतच खर्ची पडले. म्हणजे त्याचा रोध अर्धा ओहम झाला. भिंतीवरचें घड्याळ हा घट आणखी कित्येक महिने चालवील, पण फ्लॅशच्या दिव्याला तो निरुपयोगी आहे. म्हणून मापकाच्या दोन तारा टेंकवून ‘दाब ठीक आहे’ असा निर्णय देणें म्हणजे गाडीचा बैल गोठ्यांत उभा पाहून त्याची किंमत ठरविण्यासारखें आहे. बॅटरीची परीक्षा जुवाखालींच झाली पाहिजे.

फ्लॅशमध्यें घालावयाच्या पेन्सिल-सेलांविषयीं येथेंच सांगितलेलें बरें. साध्या अल्कलाइन सेलावर १.५ व्होल्ट लिहिलेले असतात आणि पुन्हा भरतां येणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइड सेलावर १.२, त्यामुळें पहिला अधिक जोरदार असावा असा ग्रह होतो. प्रत्यक्षांत दुसऱ्याचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळें फ्लॅश त्यावर लवकर पुन्हा सज्ज होतो. सेल जमिनीवर उभा आपटून तो उसळतो कीं नाहीं हें पाहण्याची एक घरगुती परीक्षाहि आहे. ती अगदींच भाकड नाहीं: अल्कलाइन सेल वापरांत आला म्हणजे आंतील जस्ताची ओलसर भुकटी बदलून घट्ट होते व सेल अधिक उसळूं लागतो. पण २०१५ मध्यें अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, सुमारें अर्धी वीज संपेपर्यंतच ही उसळी वाढत जाते. नंतर ती फारशी बदलत नाहीं. म्हणजे उसळणारा सेल ‘नवा नाहीं’ एवढेंच सांगतो, ‘संपला’ असें सांगत नाहीं. कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटरीवर मात्र हा प्रयोग कधींहि करूं नये.

आतां कॅमेऱ्याच्या पुस्तिकेंत छापलेल्या आंकड्याकडे पाहूं. ‘एका भरण्यांत ३५० चित्रें’ अशासारखें वाक्य तेथें असतें, आणि हौशी माणूस त्यावर विसंबतो किंवा त्याला हसतो. दोन्ही गोष्टी तो आंकडा कसा काढला हें न जाणतांच. जपानांतील कॅमेरा अँड इमेजिंग प्रॉडक्ट्स असोसिएशन, म्हणजे सीपा, या उत्पादकांच्या संस्थेनें २००३ सालीं या परीक्षेची एक ठराविक पद्धति प्रसिद्ध केली. तींत खोलीचें तपमान सुमारें २३ अंश ठेवतात. पडदा चालू ठेवून दर ३० सेकंदांनीं एक चित्र घेतात. कॅमेऱ्याला फ्लॅश असल्यास एक चित्र सोडून दुसऱ्याला तो पूर्ण जोरानें उडवितात. झूमची भिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात. आणि दर दहा चित्रांनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करतात. या रीतीनें लग्नांत चित्रें घेणारा माणूस पृथ्वीतलावर सांपडणार नाहीं. पण सर्व कॅमेरे एकाच मापानें मोजले जावेत एवढाच या परीक्षेचा हेतु आहे, आणि तेवढ्यापुरती ती उत्तम आहे. पक्ष्यांचीं सेकंदाला दहा चित्रें घेणारा माणूस त्याच बॅटरीवर हजारों चित्रें घेतो, कारण वीज मुख्यतः पडदा व आंतील यंत्रणा जागी ठेवण्यांत जाते. शटरच्या एका उघडझांपेला फारशी लागत नाहीं. उलट पडद्याकडे पाहत तासभर योग्य क्षणाची वाट पाहणाऱ्याची बॅटरी पन्नास चित्रांतहि संपेल. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचे आंकडे जुन्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांपेक्षां लहान दिसतात याचें कारणहि हेंच: त्यांतील पडदा किंवा विजेवर चालणारा दृश्यदर्शक सतत जळत असतो.

म्हणून स्वतःच्या वापराची परीक्षा स्वतःच घेणें श्रेयस्कर, आणि तिला प्रयोगशाळा लागत नाहीं. बॅटरी नवी आणली त्या दिवशीं तिच्यावर क्रमांक व तारीख लिहावी. ती पुरती भरून, कॅमेरा घरांतील टेबलावर ठेवून, दर ३० सेकंदांनीं आपोआप एक चित्र घेण्यास लावावा, आणि तो बंद पडेपर्यंत किती चित्रें निघालीं हें वहींत टिपून ठेवावें. वर्षानें त्याच कॅमेऱ्यांत, त्याच रीतीनें, तशाच हवेंत पुन्हा तेंच करावें. पहिल्या वर्षीं ६०० आणि तिसऱ्या वर्षीं ४५० चित्रें निघालीं, तर तिची शक्ति पाऊण राहिली हें कोणाला विचारावें लागत नाहीं. स्वस्त मिळणाऱ्या परक्या बॅटरीवर छापलेल्या मोठ्या आंकड्याचाहि निकाल याच परीक्षेंत लागतो. तुलना करतांना मिलिअँपिअर-तासांपेक्षां वॅट-तास पाहावे: ७.२ व्होल्ट व २००० मिलिअँपिअर-तास यांचे १४.४ वॅट-तास होतात, आणि खरी सांठवण तीच. विमानांतहि हाच आंकडा विचारला जातो. १०० वॅट-तासांपर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या हातांतील सामानांतच, टोंकें झांकून, न्याव्या लागतात.

लिथियम बॅटरीचे खरे शत्रु दोन: उष्णता, आणि महिनोन्‌महिने पुरती भरलेल्या स्थितींत पडून राहणें. वैशाखांत बंद मोटारींत राहिलेली बॅटरी एका दुपारीं जेवढी म्हातारी होते, तेवढी कपाटांत कित्येक आठवड्यांतहि होत नाहीं. बराच काळ वापरावयाची नसेल तेव्हां ती अर्धी भरून थंड जागीं ठेवावी. थंडीची गोष्ट निराळी. लडाखच्या सहलींत पहांटे मेलेली बॅटरी अंगरख्याच्या आंतल्या खिशांत ठेवली कीं बऱ्याच वेळां पुन्हा जिवंत होते. वीज गेलेली नसते, अडलेली असते. फुगलेली बॅटरी मात्र दुरुस्तीच्या पलीकडची समजून तात्काळ बाजूला काढावी.

प्रसंग टिपला गेला आणि छायाचित्रकार घरीं आला, म्हणजे दुसरी पेटी उघडते. येथेंहि जें दिसतें तें मूळ वस्तु नव्हे. कॅमेरा ‘रॉ’ फाइल सांठवितो तेव्हां तींत चित्र नसतें. प्रकाश पडलेल्या प्रत्येक बिंदूवर किती मोजला गेला त्याचे आंकडे असतात. कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारें चित्र म्हणजे यंत्रानें त्या आंकड्यांचा आपल्या मतें लावलेला अर्थ, आणि शेजारचा हिस्टोग्रामहि त्या अर्थाचाच असतो. जेपेग चित्रांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलींत १६,३८४. त्यांपैकीं निम्म्या, म्हणजे ८,१९२, प्रकाशाच्या सर्वांत वरच्या टप्प्याला मिळतात, त्याखालच्या टप्प्याला ४,०९६, आणि असें निमेनिम होत अंधारापर्यंत फारच थोड्या उरतात. म्हणून काळोख्या भागाला संगणकावर ओढून उजेडांत आणलें कीं तो रवाळ दिसतो. आणि शुभ्र शालूवरचा प्रकाश एकदां मापाबाहेर गेला, तर तेथली जर कोणतेंहि सॉफ्टवेअर परत आणूं शकत नाहीं. तेथें आंकडाच उरलेला नसतो.

नवें सॉफ्टवेअर हातीं आलें कीं पहिल्या महिन्यांत प्रत्येक स्लायडर टोंकापर्यंत सरकवून पाहण्याचा मोह अनावर होतो, आणि त्या महिन्यांतील आकाशें निळीं राहत नाहींत, जांभळीं होतात. शिकण्याची बरी रीत अशी: पूर्वीं जुन्या सॉफ्टवेअरमध्यें मनासारखें उतरलेलें एकच चित्र घ्यावें, त्याची रॉ फाइल नव्यांत उघडावी, आणि दोन्ही शेजारीं ठेवून तेंच रूप पुन्हा साधावें. प्रथम पांढऱ्या रंगाचा तोल, मग एकूण उजेड, मग वरचा व खालचा भाग, आणि रंगाची गडदाई सर्वांत शेवटीं. हें करतांना संगणकाचा पडदा भगभगीत ठेवूं नये. पडदा फार उजळ असला कीं चित्र नकळत काळोखें केलें जातें, आणि कागदावर छापून आल्यावर घरांतले लोक ‘दिवे गेले होते का’ म्हणून विचारतात.

याहून गंभीर प्रश्न केलेलें काम टिकण्याचा आहे. हल्लींचीं बहुतेक सॉफ्टवेअरें मूळ रॉ फाइलीला हात लावीत नाहींत. उजेड किती वाढविला, कडा कोठें कापल्या या सूचना तेवढ्या निराळ्या लिहून ठेवतात. ही सोय मोठी आहे, पण त्या सूचना वाचणारा नाहींसा झाला कीं त्यांना अर्थ राहत नाहीं. अ‍ॅपल कंपनीनें २००५ सालीं अ‍ॅपर्चर नांवाचें सॉफ्टवेअर काढलें. हजारों हौशी लोकांनीं आपले संग्रह त्यांत लावले. २०१४ सालीं कंपनीनें तें पुढें न चालविण्याचें जाहीर केलें, आणि २०१९ च्या शेवटीं आलेल्या संगणकप्रणालीवर तें चालेनासें झालें. अ‍ॅडोबच्या लाइटरूममध्यें संग्रह नेण्याची सोय होती, पण तींत शीर्षकें व खुणा येत. चित्रांवर केलेले संस्कार येत नसत. दहा वर्षांच्या संध्याकाळचें काम असें मागें राहिलें. लाइटरूमहि कायमचें विकत घेतां येई तें २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत. आतां तें वर्गणीवर मिळतें. डार्कटेबल व रॉथेरपी हीं विनामूल्य आहेत व गुणांनीं कमी नाहींत, परंतु त्यांच्या सूचनाहि त्यांच्याच भाषेंत असतात.

तेव्हां जीं चित्रें नातवंडांनीं पाहावीं अशी इच्छा असेल, त्यांच्या बाबतींत तीन वस्तु ठेवाव्या: न बदललेली रॉ फाइल, संस्कार पुरे झाल्यावर काढलेली १६ बिटांची टिफ प्रत, आणि नेहमीं पाहण्यासाठीं जेपेग. या तिन्हींची एक जोड निराळ्या डिस्कवर, शक्य तर निराळ्या घरीं, असावी. आणि ज्या दिवशीं बॅटरीची वार्षिक परीक्षा टेबलावर चालू असेल, त्या पांच-सहा तासांत त्या दुसऱ्या डिस्कवरील दहा-वीस फाइली उघडून, त्या खरोखर उघडतात कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.