जबडा किती इंची, हे नंतर बघा

घरात छोटं वर्कशॉप करायचं ठरवून जे माझ्याकडे सल्ला विचारायला येतात, त्यांच्याकडे ड्रिल मशीन आधीच आलेलं असतं, बहुधा ग्राइंडरही. व्हाइस यादीत सगळ्यात शेवटी. आयटीआयमध्ये मी फिटरची पोरं शिकवली. तिथं नेमकं उलटं. पोरगं आलं की व्हाइससमोर उभं, हातात कानस. वस्तू पक्की धरलेली नसेल तर कानस सपाट चालत नाही, हॅक्सॉचं पातं मोडतं, आणि ड्रिलखाली अडकलेला पत्रा गरकन फिरून बोटं कापतो. पैसे बेताचे असतील तर ग्राइंडर पुढच्या वर्षी घ्या, पण व्हाइस आधी.

पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, चार इंची घेऊ की सहा?" हे माप जबड्याच्या रुंदीचं. दुकानदार ३, ४, ५, ६ इंची म्हणतो, कॅटलॉगमध्ये ७५, १००, १२५, १५० मिलिमीटर छापलेलं असतं. सायकल, कुलूप, नळाचे तुकडे, गेटची बिजागरी एवढीच कामं असतील तर १०० चा पुष्कळ झाला. सहा इंचीच्या हव्यासापायी माणसं पोकळ माल घरी आणतात. त्याच पैशात दणकट चार इंची मिळतो. दोन वेगवेगळे चार इंची व्हाइस एकेक करून उचलून बघा, धातूत कुणी कंजुषी केली आहे ते हातालाच कळेल.

मग धातू. स्वस्त व्हाइस साध्या बिडाचा असतो. बिडात कार्बनचा काही भाग ग्राफाइट होऊन पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. दाब तो मजेत सोसतो, पण ताण आला किंवा घणाचा फटका बसला की त्याच पापुद्र्यांच्या कडेनं तडा जातो. १९४३ मध्ये अमेरिकेत किथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम मिसळलं, तेव्हा ग्राफाइटचे पापुद्रे न होता गोळ्या झाल्या आणि बीड चिवट झालं. आमच्या कोल्हापूरच्या फौंड्र्यांत त्याला नुसतं 'एसजी' म्हणतात. ठोकाठोकी करणार असाल तर एसजीचा किंवा पोलादी व्हाइस घ्या. नुसतं कानस-करवतीचं काम असेल तर चांगल्या ओतकामाचा साधा बिडाचाही जन्मभर पुरतो.

दुकानात रंगाला भुलू नका. ओतकामातली भोकं लांबी भरून बुजवतात आणि वरून झकास निळा रंग मारतात. जबडा निम्मा उघडा, पुढचा सरकता भाग दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आडवा हलवा. थोडी ढिलाई असणारच, पण खडखड वाजला तर तो परत ठेवा. असा व्हाइस आवळताना पुढचा जबडा वर उचलला जातो आणि वस्तू तिरकी होते. नंतर कागदाच्या दोन पट्ट्या जबड्याच्या दोन टोकांना धरून हलकेच आवळा. एक पट्टी घट्ट आणि दुसरी अलगद निघून येत असेल तर जबडे समांतर नाहीत. स्क्रूचे आटेही बघा: ते जाड, चौकोनी धाटणीचे हवेत, आणि उलटं फिरवताना दांडा बराच वेळ रिकामा फिरू नये. जबड्यावरच्या पोलादी पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या असाव्यात, म्हणजे झिजल्यावर बदलता येतात. एवढं सगळं करू न देणारा दुकानदार असेल, तर दुकानं काय कमी आहेत?

जुन्या बाजारातला व्हाइस घ्यायला माझी अजिबात ना नाही. जुनं ओतकाम पुष्कळदा नव्यापेक्षा सरस निघतं. गंज जातो, जबड्याच्या पट्ट्या नव्या बसतात. मात्र अंगावर वेल्डिंगची किंवा ब्रेझिंगची रेघ दिसली की पुढं चला.

खालून गोल फिरणारा व्हाइस दिसायला ऐटदार, पण घरच्या कामात फिरवण्याची वेळ क्वचित येते आणि जोरात कानस मारताना तोच भाग पहिल्यांदा सरकतो. मी स्थिर बैठकीचा घेईन. सुतारकाम करणाऱ्यांनी हा व्हाइस घेऊच नये. त्यांचा वेगळा असतो. तो टेबलाच्या कडेला पृष्ठभागाशी सपाट बसतो आणि जबड्यांना लाकडी फळ्या लावतात.

बसवताना लाकडी स्क्रूवर भागवू नका. टेबलातून आरपार बोल्ट, खाली रुंद वायसर. मागचा, म्हणजे स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर आला पाहिजे, नाहीतर लांब पाइप उभा धरता येत नाही. उंचीसाठी फिटरची जुनी रीत आहे: समोर ताठ उभं राहून मूठ हनुवटीला लावायची, कोपर जबड्याच्या वरच्या कडेला टेकलं की झालं. आवळायला दांड्यात पाइप घालून जोर वाढवणारे महाभाग मी पाहिले आहेत. स्क्रू किंवा नट दोन्हींपैकी एक जातंच. ठोकायचं तर फटका मागच्या, स्थिर जबड्याच्या दिशेनं, सरकत्या भागावर कधीच नाही. पितळेचा नळ धरताना जबड्यांत ॲल्युमिनियमचे दोन दुमडलेले तुकडे ठेवा, म्हणजे त्यावर दात उमटणार नाहीत.

फ्लॅटच्या गॅलरीत मांडणार असाल तर टेबलाच्या पायांखाली जाड रबर घाला, आणि घणाचं काम खालच्या मजल्यावरची मंडळी दुपारची झोप उरकून उठल्यावरच काढा.