वाळवंटातला सरडा आणि कोकणचा पाऊस

घोरपडीची ओळख पोलादपूरकरांना नव्याने करून द्यावी लागत नाही. तानाजी मालुसरे यांची समाधी असलेले उमरठ याच तालुक्यात आहे आणि सिंहगडाच्या दंतकथेतली घोरपड इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. आता मात्र मुलांच्या मोबाइलवर दुसराच सरडा दिसतो. खांद्यावर निवांत बसणारा, रागावला की गळ्याखालची काटेरी पिशवी फुगवून काळी करणारा हा ‘बिअर्डेड ड्रॅगन’, म्हणजेच दाढीवाला सरडा. मोठ्या शहरांतील पाळीव प्राण्यांच्या बाजारात तो मिळतो. महाड-पोलादपूरच्या घरात तो आणण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हवे. जून ते सप्टेंबर त्याला कोरडे ऊन कुठून मिळणार?

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला. तिथे अनेक ठिकाणी वर्षभरात तीनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. महाड-पोलादपूरला तेवढा पाऊस जुलैत दोन-तीन दिवसांत पडून जातो. पूर्ण वाढलेला सरडा शेपटीसह दीड ते दोन फूट भरतो आणि नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. म्हणजे दहा पावसाळ्यांची तयारी हवी.

सरड्याचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. खाल्लेले पचवायलाही त्याला बाहेरची ऊब लागते. त्यामुळे पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३८ ते ४२ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंश तापमान ठेवतात. गरजेप्रमाणे तो जागा बदलतो. एप्रिल-मेमध्ये महाडचा पारा चढतो, तेव्हा उलटी काळजी घ्यावी लागते. सावलीची बाजूही तापली तर त्याला पळायला जागा उरत नाही. थंडीत रात्री पारा २० अंशांखाली उतरू लागला तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावतात.

ऊब देणाऱ्या बल्बने अर्धेच काम होते. अतिनील किरणांतील ‘यूव्हीबी’ हा भाग त्वचेवर पडला की ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय अन्नातले कॅल्शियम शरीरात शोषले जात नाही. मग शरीर ते हाडांतून काढू लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरते. नवख्या मालकांकडचे सरडे बहुधा याच आजाराने खंगतात. खिडकीच्या काचेतून उजेड आणि ऊब येते, यूव्हीबी जवळपास येतच नाही. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची खास ट्यूब दिवसाचे दहा-बारा तास चालू ठेवावी लागते. ट्यूब उजेड देत असली तरी तिची यूव्हीबी हळूहळू कमी होते, म्हणून ती सहा महिने ते वर्षभरात बदलावी.

एका मोठ्या सरड्याला किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी लागते. साध्या प्लायवूडला कोकणात बुरशी धरते, त्यामुळे काच किंवा पीव्हीसी बरे. वर हवा खेळण्यासाठी जाळी हवी. तळाशी सैल वाळू टाकू नये, ती पोटात जाऊन आतडे अडू शकते. वर्तमानपत्र किंवा खडबडीत फरशी पुरते. दोन सरडे एकत्र ठेवू नयेत, ते भांडतात.

पेटीत आर्द्रता ३० ते ४० टक्के असावी. श्रावणात इथल्या घरांत ती नव्वदीकडे झुकते. दमट आणि गार हवेत सरड्याच्या फुफ्फुसाला संसर्ग होतो. नाकातोंडातून चिकट स्राव येतो, श्वास घेताना घरघर होते. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, म्हणून ऊब देणारा दिवा इथे दुहेरी काम करतो. तरीही खोलीत आर्द्रता शोषणारे यंत्र किंवा एसी लागू शकतो आणि हे सारे विजेवर चालते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड पाण्याखाली गेले, वीज आणि फोन दोन्ही बंद पडले. वीज गेली तर त्याला खायला घालू नये, ऊब नसताना अन्न पोटात कुजते. धडधाकट मोठा सरडा काही दिवस उपाशी राहू शकतो.

खाण्याचे गणित वयानुसार बदलते. पिल्लाला मुख्यतः किडे लागतात, तेही रोज. मोठ्याला तीन भाग पाला-भाजी आणि एक भाग किडे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा आणि देण्यापूर्वी त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, तुतीची पाने, लाल भोपळा चालतो. पालक, माठ आणि अळू यांतले ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवते, म्हणून ते टाळावे. ॲव्होकॅडो विषारी.

किडे पाळलेलेच द्यावेत. भाताच्या खाचरातून पकडलेल्या नाकतोड्यावर कीटकनाशक असू शकते. त्याहून मोठा धोका काजव्यांचा. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीतली झाडे काजव्यांनी लखलखतात आणि एखादा खिडकीतून आत येतो. काही काजव्यांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. अमेरिकेत काजवे खाऊन हे सरडे दगावल्याचे शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये नोंदवले आहे. इथल्या काजव्यांच्या जाती वेगळ्या असल्या तरी धोका पत्करू नये.

निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची भांडी स्वयंपाकघरात घासू नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याला हात लावू देऊ नये. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक प्रामुख्याने मुंबई-पुण्यात आहेत आणि पावसात वरंध घाट अनेकदा बंद असतो, हेही आधीच लक्षात घ्यावे.

कायद्याची बाजूही पाहावी. परदेशी प्राण्याची कागदपत्रे घ्यावीत आणि वन विभागाकडे नियमांची चौकशी करावी. घोरपड मात्र वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणे गुन्हा आहे. नकोसा झालेला परदेशी सरडाही रानात सोडू नये.

घाई करणाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. सरडा आणण्याआधी पेटी, दिवे आणि आर्द्रतामापक लावून ऐन जुलैत पंधरा दिवस रिकामी पेटी चालवावी आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहावेत. दिव्याखाली ४० अंश आणि पेटीत ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता टिकली तर पुढचा विचार करावा. नाही टिकली तर खर्च पेटीवरच थांबतो, एका जिवाचे हाल होत नाहीत.