लिथियम, सेरोटोनिन आणि चिमूटभर मीठ

मनोविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर ‘लिथियम कार्बोनेट’ दिसलं की घरात हमखास विचारलं जातं, “हे बॅटरीतलंच ना?” मूलद्रव्य तेच, गोळीत मात्र त्याचा क्षार असतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. लिथियमने उन्माद आटोक्यात येतो, हे ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मांडलं १९४९ मध्ये. म्हणजे इथल्या रुग्णांच्या कैक पिढ्या या औषधाविनाच गेल्या.

दुसरा समज शिकलेल्या घरांतला: ही सेरोटोनिन वाढवणारी गोळी. अर्धंच खरं. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन तयार होणं आणि पेशींतून ते सुटणं, दोन्ही लिथियममुळे वाढतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. एकट्या नैराश्यरोधक औषधाला दाद न देणाऱ्या काहींना लिथियमची जोड दिल्यावर उतार पडतो, त्यामागे हेही एक कारण मानतात. पण नुसतं सेरोटोनिन वाढवून भागत असतं, तर उन्मादावर लिथियम चाललंच नसतं; द्विध्रुवी विकारात एकटं नैराश्यरोधक दिलं तर उलट उन्माद उसळू शकतो. लिथियम पेशीच्या आतही काम करतं. जीएसके-३ नावाच्या विकराला आणि इनोसिटॉलच्या चक्राला ते आवर घालतं. संपूर्ण उलगडा अजून व्हायचा आहे. म्हणून ‘माझं सेरोटोनिन तपासा’ म्हणत लॅब गाठण्यात अर्थ नाही. तपासायचं ते रक्तातलं लिथियम.

खरा घोटाळा होतो मिठाच्या बाबतीत. “बीपी आहे ना, मग आजपासून अळणी,” असा निर्णय घरी परस्पर होतो. शरीरात सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड ते धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. डोंबिवलीच्या मे महिन्यातला घाम, जुलाब, निर्जळी उपास यांनीही तेच होतं. गुडघेदुखीवर केमिस्टकडून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन तर आणखी वाईट. बीपीच्या काही गोळ्याही यात मोडतात, तेव्हा फिजिशियनला लिथियम चालू असल्याचं आधीच सांगावं. हाताला बारीक कंप बऱ्याच जणांना असतो. पण थरथर वाढली, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तर ती रक्तात लिथियम फार साठल्याची खूण; पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

सवय लागते का? नाही. पण बरं वाटतंय म्हणून स्वतःहून एकदम बंद केली, तर आजार उलटतो आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो.

रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर हवी. थायरॉइड आणि क्रिएटिनिनही ठरावीक काळाने पाहतात. लिथियमसाठीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. सकाळचा डोस असेल, तर तो लॅबमधून आल्यावर.