गतिरोधक पेडल व मुख्य सिलिंडर (शर्यतीच्या मोटारगाडीतील)

चालकाच्या पायाच्या प्रेरणेचे द्रवाच्या दाबात रूपांतर करून तो दाब चाकांवरील गतिरोधकांपर्यंत पोहोचविणारी यंत्रणा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो, या पास्काल यांच्या नियमावर तिचे कार्य अवलंबून असते.

इतिहास : मॅल्कम लॉकहीड यांनी द्रवीय गतिरोधक प्रचारात आणले. १९२१ मध्ये ल मां येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी यांनी असे गतिरोधक बसविलेल्या ड्यूसेनबर्ग गाडीतून जिंकली. १९५३ च्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत तबकडी गतिरोधक असलेली जॅग्वार सी-टाइप गाडी पहिली आली. त्यानंतर ढोल गतिरोधक शर्यतींतून मागे पडत गेले.

रचना : पेडल ही एक तरफ असते. टेकूपासून पायाच्या तळव्यापर्यंतचे अंतर दट्ट्याच्या दांड्यापर्यंतच्या अंतराच्या पाचपट असेल, तर पायाची ४० किग्रॅ. प्रेरणा दांड्यावर २०० किग्रॅ. होते. जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या शर्यती प्रकारांत पुढील व मागील चाकांसाठी दोन स्वतंत्र मुख्य सिलिंडर शेजारी-शेजारी बसवीत. ही प्रेरणा त्यांत समान विभागल्यास प्रत्येकावर १०० किग्रॅ. येते. सिलिंडराचा व्यास १९ मिमी. असल्यास द्रवाचा दाब दर चौ. सेंमी.स सुमारे ३५ किग्रॅ. होतो, १६ मिमी. असल्यास सुमारे ५०. मात्र लहान सिलिंडरात तेवढाच द्रव ढकलण्यासाठी दट्ट्यास अधिक सरकावे लागते, म्हणून पेडल खोल जाते. दाब व सरक यांचा मेळ घालणे हाच येथील मुख्य प्रश्न असतो.

समतोल : वेग कमी होताना गाडीचा भार पुढील चाकांकडे झुकतो. मागील चाके आधी अडकली, तर गाडी गिरकी घेते. म्हणून दोन दांड्यांमध्ये एक आडवा तोलदंड बसवितात व पेडल त्यास मधल्या सांध्यातून ढकलते. दांड्यांतील अंतर ६० मिमी. असून सांधा पुढील सिलिंडराच्या दांड्याकडे ३ मिमी. सरकविला, तर पुढील भागास ५५ व मागील भागास ४५ टक्के प्रेरणा मिळते. ओल्या रस्त्यावर भार कमी झुकत असल्याने मागील वाटा थोडा वाढवितात. एक नळी फुटल्यास तोलदंड तिरका होऊन उरलेला सिलिंडर कार्य करतो; परंतु तिरके होण्यास पुरेशी मोकळीक ठेवली नसेल, तर दोन सिलिंडर असूनही गाडी थांबत नाही.

दक्षता : पेडल सोडल्यावर दांडा व दट्ट्या यांत थोडी फट राहिली पाहिजे. ती नसल्यास द्रव टाकीकडे परत नेणारे छिद्र झाकलेले राहते; तापून प्रसरण पावलेल्या द्रवाचा दाब वाढतो आणि गतिरोधक आपोआप लागू लागतात. ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. उकळून निर्माण झालेली वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाशी जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणून द्रव वेळोवेळी बदलणे आवश्यक असते.

भारतातील उपयोग : मुंबईतील जुहू व मद्रासजवळील शोलावरम येथील धावपट्ट्यांवर पूर्वी शर्यती होत असत. कोल्हापूर जिल्ह्यात कोल्हापूर शहर ओतकामासाठी, तर इचलकरंजी-कबनूर परिसर यंत्रमागांसाठी ओळखला जातो. याच जिल्ह्यातील मोहिते रेसिंग अकादमीच्या धावपट्टीवर राष्ट्रीय कार्ट स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. गिअरपेटी नसलेल्या कार्टमध्ये गतिरोधक सामान्यतः मागील आसावरच असतो, त्यामुळे पुढील-मागील समतोलाचा प्रश्न उद्‌भवत नाही. याउलट, भारतात २००७ पासून होत असलेल्या ‘बाहा’ या विद्यार्थी स्पर्धेत स्वतंत्र अशी किमान दोन द्रवीय मंडले बंधनकारक असतात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ तीत भाग घेतात. एक मंडल निकामी झाले तरी चालकाच्या पायाखाली दुसरे शिल्लक राहावे, हे जुन्या शर्यतींच्या गाड्यांतील तत्त्व त्यांत कायम आहे.